गर्भाशयातील खुंटलेली वाढ आणि प्राण्यांचा अस्थिविकास : एक चिकित्सा

गर्भाशयात पुरेसे पोषण न मिळालेल्या प्राण्याचा सांगाडा कसा घडतो, हा प्रश्न प्राणिशास्त्र, पशुसंवर्धन आणि मानवी आहारशास्त्र या तिन्ही शास्त्रांच्या सीमेवरचा आहे. त्यामुळे त्याची मालकी कोणत्याही एका शास्त्राकडे गेली नाही, आणि एका शास्त्रातील निष्कर्ष दुसऱ्या शास्त्रात पुरेशा परीक्षेवाचून शिरत राहिले. उंदरावरून मेंढीविषयी, मेंढीवरून मनुष्याविषयी आणि मनुष्यावरून पुन्हा उंदराविषयी अनुमाने केली जातात. प्रस्तुत लेखाचा हेतू या अनुमानांची छाननी करणे हा आहे. ज्या संशोधनाचा येथे परामर्श घेतला आहे, त्यातील बराच महत्त्वाचा भाग पुणे शहरात व जिल्ह्यात झालेला आहे. म्हणून हा विचार आपल्या विभागातील अभ्यासकांस परका वाटू नये.

१. अग्रक्रमाचा सिद्धांत

या विषयाच्या आधुनिक विवेचनाचा आरंभ वॉल्टन व हॅमंड यांच्या १९३८ सालच्या प्रयोगापासून करणे सोयीचे आहे. केंब्रिज येथील या संशोधकांनी शायर जातीचे प्रचंड घोडे आणि शेटलंडची लहान तट्टे यांचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. दोन्ही संकरांत आनुवंशिक वाटा निम्मानिम्मा होता. तरीही शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलंड घोडीच्या पोटी जन्मलेल्या शिंगरापेक्षा वजनाने सुमारे तिप्पट भरले. पुढे वयाबरोबर हे अंतर कमी झाले, परंतु नाहीसे झाले नाही. गर्भाची वाढ केवळ त्याच्या स्वतःच्या बीजावर अवलंबून नसून आईच्या देहाने घातलेल्या मर्यादेवरही अवलंबून असते, हे यावरून निर्विवाद ठरले.

या निष्कर्षाच्या जोडीला हॅमंड यांच्या संप्रदायाने दुसरा एक सिद्धांत मांडला. उपलब्ध पोषण रक्तातून सर्व ऊतींना सारखे वाटले जात नाही. मज्जासंस्थेस प्रथम, नंतर हाडांस, नंतर स्नायूंस आणि सर्वांत शेवटी मेदास, असा त्याचा अग्रक्रम असतो. अन्न तुटले की प्रथम मेद जातो, मग स्नायू. हाड मात्र बरेचसे तगून राहते. मॅक्मीकन यांचे डुकरांवरील काम (१९४०) आणि पाल्सन व व्हर्जेस यांचे कोकरांवरील काम (१९५२) यांचा या सिद्धांतास मोठा आधार मिळाला. पाठ्यपुस्तकांत आज आढळणारे 'गर्भाचा सांगाडा वाचतो' हे विधान याच सिद्धांताचे संक्षिप्त रूप होय.

या विधानावर पहिला आक्षेप १९६४ सालीच घेतला गेला होता. एल्स्ली, मॅक्डोनाल्ड व फाउलर यांनी डुकरे व कोकरे यांच्याविषयीची हीच जुनी आकडेवारी पुन्हा तपासली आणि तुलना करताना मेदाचे वजन बाजूस काढले. तसे करताच हाड व स्नायू यांच्या प्रमाणातील जो फरक आहारामुळे झालेला मानला जात होता, त्याचा बराचसा भाग उरला नाही. लहान प्राण्याच्या शरीरात हाडाचे प्रमाण स्वभावतःच अधिक असते. उपाशी प्राणी लहान राहतो आणि म्हणून त्याच्यात हाड अधिक दिसते. यावरून हाडाला अग्रक्रम मिळाला असे सिद्ध होत नाही, प्राणी लहान राहिला एवढेच सिद्ध होते. ज्युलियन हक्स्ली यांनी १९३२ मध्ये सापेक्ष वाढीचे जे गणित मांडले, त्याचा हा साधा परिणाम आहे. समान वयाच्या प्राण्यांची तुलना आणि समान आकारमानाच्या प्राण्यांची तुलना या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भान सुटले की अग्रक्रमाचा सिद्धांत आपोआप सिद्ध झाल्यासारखा भासतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मॅक्मीकन व पाल्सन यांचा पुरावा प्रामुख्याने जन्मानंतरच्या वाढीचा होता. तो गर्भावस्थेस लावणे ही अनुमानाची एक वेगळी पायरी आहे, आणि ती चढताना फारशी चर्चा झालेली नाही.

२. पुण्याच्या नवजात बालकाची साक्ष

अग्रक्रमाच्या सिद्धांतास सर्वांत गंभीर अडचण मनुष्याकडून, आणि तीही पुणे परिसरातून आली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलोग्रॅम आणि उंची सुमारे १५२ सेंटीमीटर होती. त्यांच्या बालकांची साउदॅम्प्टनच्या बालकांशी केलेली तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. जन्मवजनाची सरासरी अनुक्रमे २.७ व ३.५ किलोग्रॅम भरली. पुण्याचे बालक प्रत्येक मापात लहान होते, परंतु सारखे लहान नव्हते. साउदॅम्प्टनच्या प्रमाण विचलनाने मोजल्यास पोटाचा घेर २.३८ एककांनी कमी होता, तर खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेच्या घडीची जाडी केवळ ०.५३ एककांनी कमी होती. म्हणजे स्नायू व उदरातील इंद्रिये यांचे नुकसान सर्वाधिक, मेदाचे सर्वांत कमी, आणि लांबीचे या दोहोंच्या मध्ये. 'कृश परंतु मेदयुक्त' असे या बालकाचे वर्णन तेव्हापासून रूढ झाले.

हॅमंड यांच्या क्रमात मेद सर्वांत आधी जावयास हवा होता. येथे तो सर्वाधिक टिकला. तेव्हा एक तर तो क्रम सार्वत्रिक नाही, किंवा पुण्याच्या बालकाची घडण केवळ उपासमारीने झालेली नाही, असे म्हणावे लागते. माझ्या मते दोन्ही विधानांत तथ्य आहे. डुकराचे पिल्लू जन्मतः जवळजवळ मेदहीन असते. त्याच्या शरीरात मेदाचा अंश शेकडा एकदोनहून अधिक नसतो. मानवी बालक मात्र सस्तन प्राण्यांतील अत्यंत मेदयुक्त अर्भकांपैकी आहे. जो ऊती जन्माच्या वेळी अस्तित्वातच नसतो त्याचा अग्रक्रम कोणता, हा प्रश्न डुकराच्या बाबतीत विचारताच येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, अन्नाचे एकूण परिमाण आणि अन्नातील सूक्ष्म घटक यांची कमतरता गर्भावर एकाच तऱ्हेने परिणाम करील, असे गृहीत धरण्यास आधार नाही. याच अभ्यासातील शोभा राव प्रभृतींच्या २००१ सालच्या लेखात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्या सेवनाचा बालकाच्या जन्माच्या वेळच्या आकारमानाशी संबंध आढळला. ही गोष्ट केवळ उष्मांकांच्या हिशेबात बसणारी नाही.

३. अस्थिभवनाचे दोन व्यापार

'हाडाची वाढ' हा शब्दप्रयोग आपण एकेरी अर्थाने करतो, परंतु त्यात दोन स्वतंत्र व्यापार अंतर्भूत आहेत. लांब हाड प्रथम कूर्चेच्या रूपात अवतरते. त्याच्या टोकांजवळील कूर्चेच्या थरात पेशींचे विभाजन होते, त्या फुगतात आणि त्यांच्या जागी हाड येते. हाडाची लांबी या व्यापारावर अवलंबून असते, आणि त्यावर इन्शुलिनसदृश वाढकारक द्रव्यांचा अंमल चालतो. दुसरा व्यापार खनिजीकरणाचा. त्यासाठी कॅल्शियम व फॉस्फरस वारेतून गर्भाकडे वाहून न्यावे लागतात. पूर्ण दिवसांच्या मानवी अर्भकात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते, आणि त्याचा सुमारे चारपंचमांश भाग गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत साठतो.

यावरून निघणारा निष्कर्ष उघड आहे. आरंभीच्या काळातील पोषणतूट आणि अखेरच्या काळातील पोषणतूट यांचे हाडावरील परिणाम एकाच जातीचे असण्याचे कारण नाही. एकीत हाड आखूड राहील, तर दुसरीत ते योग्य लांबीचे असूनही खनिजाने उणे राहील. 'सांगाडा वाचला' असे म्हणणाऱ्याने लांबी वाचली की खनिज वाचले, हे सांगितलेच पाहिजे.

कालगणनेचा प्रश्न प्राण्याच्या जातीनुसार अधिक बिकट होतो. उंदराची गर्भावस्था २१ ते २२ दिवसांची असते, आणि पिल्लू अत्यंत अपक्व स्थितीत जन्मते. त्याच्या लांब हाडांच्या टोकांतील दुय्यम अस्थिकेंद्रे जन्मानंतरच उमटू लागतात. मेंढीची गर्भावस्था सुमारे १५० दिवसांची असते, आणि कोकरू जन्मताच थोड्या वेळात उभे राहते. कोकराच्या सांगाड्याची जी अवस्था आईच्या उदरात पार पडते, ती उंदराच्या पिल्लाच्या बाबतीत आईच्या दुधावर पार पडते. तेव्हा उंदराच्या 'गर्भाशयातील' प्रयोगाचा निष्कर्ष मेंढीच्या वा मनुष्याच्या गर्भाशयास लावताना शब्द तोच राहतो, काळ मात्र बदललेला असतो.

४. घनतेचे गणित

पुण्याच्या त्याच मातांच्या बालकांची सहाव्या वर्षी क्ष-किरण पद्धतीने अस्थितपासणी झाली, आणि गणपुले, याज्ञिक, फॉल प्रभृतींचा लेख २००६ साली प्रसिद्ध झाला. ६९८ बालकांच्या या अभ्यासात असे आढळले की, ज्या माता गर्भारपणी कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा खात होत्या, त्यांच्या मुलांच्या एकूण शरीरातील व कमरेच्या मणक्यांतील खनिजाचे प्रमाण व घनता अधिक होती. २८ व्या आठवड्यात ज्या मातांच्या रक्तात फोलेटचे प्रमाण अधिक होते, त्यांच्या मुलांतही घनता अधिक भरली. आईबापांच्या स्वतःच्या हाडांची मापेही घेऊन ती हिशेबात धरली होती, हे या कामाचे मोठे बलस्थान होय. आनुवंशिकता व गर्भाशयाचा प्रभाव यांचा गुंता सोडविण्याचा असा प्रयत्न फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

तथापि या पद्धतीची एक मर्यादा आपल्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. हे यंत्र हाडाची छाया सपाट पृष्ठावर घेते आणि खनिजाचे वजन त्या छायेच्या क्षेत्रफळाने भागते. समजा, एकाच द्रव्याचे दोन घन आहेत. एकाची बाजू १ सेंटीमीटर, दुसऱ्याची २ सेंटीमीटर. प्रत्येक घन सेंटीमीटरचे वजन १ ग्रॅम आहे. पहिल्याचे वजन १ ग्रॅम व छाया १ चौरस सेंटीमीटर, म्हणून यंत्र १ हा आकडा दाखवील. दुसऱ्याचे वजन ८ ग्रॅम व छाया ४ चौरस सेंटीमीटर, म्हणून यंत्र २ हा आकडा दाखवील. द्रव्य तेच असूनही मोठा घन दुप्पट 'घन' ठरतो. गर्भाशयात वाढ खुंटलेल्या प्राण्याचे हाड लहान असते, म्हणून या यंत्रावर ते विरळही दिसणारच. या विरळपणातील किती भाग खरा आणि किती भाग भूमितीचा, याचा हिशेब दिल्यावाचून 'अस्थिघनता घटली' हे विधान अपुरे राहते.

उंदरांवरील कामातही हीच दक्षता हवी. कमी प्रथिनांचा आहार दिलेल्या माद्यांच्या पिल्लांत उत्तरवयात हाडाचे क्षेत्रफळ व खनिजाचे प्रमाण कमी भरते आणि वाढीच्या कूर्चेची रचना बदललेली दिसते, असे मेहता, लँग्ली-एव्हान्स प्रभृतींनी २००२ साली दाखविले. क्षेत्रफळ व खनिज दोन्ही घटली, तर 'हाड लहान राहिले' हे विधान अधिक नेमके होय. 'हाड ठिसूळ झाले' हे वेगळे विधान असून त्यास वेगळा पुरावा लागतो.

याच्या उलट बाजूचाही दोष आहे. सर्व मापे शरीराच्या वजनाने 'दुरुस्त' करून घेतली की फरक नाहीसा होतो, आणि मग गर्भाशयाचा परिणामच नाही असे लिहिले जाते. परंतु वजन कमी असणे हाच जर त्या परिणामाचा एक भाग असेल, तर वजनाने दुरुस्ती करणे म्हणजे जे मोजावयाचे तेच आधी वजा करणे होय. म्हणून दुरुस्त व अदुरुस्त दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत, आणि प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे तेही लिहावे.

५. संकोचाचे प्रकार आणि दुधाचा प्रश्न

गर्भाची वाढ प्रयोगशाळेत अनेक उपायांनी खुंटविता येते. विगल्स्वर्थ यांनी १९६४ साली उंदराच्या गर्भाशयाची रक्तवाहिनी बांधण्याची पद्धत वर्णिली. मेंढीच्या गर्भाशयातील वार जडण्याच्या गाठी गर्भधारणेपूर्वीच काढून टाकण्याची दुसरी पद्धत आहे. आईचा आहार एकंदरीत कमी करणे किंवा केवळ प्रथिने कमी करणे, हे आणखी मार्ग आहेत. या सर्वांचा बाह्य परिणाम एकच, म्हणजे लहान पिल्लू. परंतु रक्तवाहिनी बांधल्याने प्राणवायू व शर्करा दोन्ही तुटतात, तर प्रथिने कमी केल्याने प्राणवायूस धक्का लागत नाही. पुण्याजवळच्या खेड्यातील मातेची स्थिती यांपैकी कोणत्या नमुन्याशी जुळते, हा प्रश्न विचारल्यावाचून नमुन्याची निवड करणे योग्य नव्हे.

या बाबतीत मेलबर्न येथील रोमानो, वॉर्क, ओवेन्स व व्लॉडेक यांचे २००९ सालचे काम आदर्शवत् मानावे लागेल. त्यांनी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बांधून पिल्लांची वाढ रोखली आणि जन्मानंतर ती पिल्ले अदलाबदल करून दुसऱ्या माद्यांच्या दुधावर वाढविली. जन्मापूर्वीचा संकोच एका बाजूने आणि जन्मानंतर आधी खुंटून मग वेगाने झालेली वाढ दुसऱ्या बाजूने, असे दोन्ही घटक स्वतंत्रपणे हाडाची वाढ व मजबुती कमी करतात, असे त्यांस आढळले. ज्या प्रयोगांत अशी अदलाबदल केलेली नाही, त्यांत गर्भाशयाच्या माथी मारलेला दोष वस्तुतः दुधाचा असण्याची शक्यता उरते.

६. भरपाई आणि वारसा

खुंटलेली वाढ पुढे भरून निघते काय? टॅनर यांनी १९६३ साली असे सुचविले की, वयानुसार अपेक्षित आकारमानाची नोंद मज्जासंस्थेत कोठेतरी ठेवली जात असावी. परंतु बॅरन व सहकारी यांनी १९९४ साली सशाच्या एकाच पायाच्या वाढीच्या कूर्चेत स्टेरॉइड सोडून तिची वाढ थांबविली. औषध बंद करताच तेवढीच कूर्चा दुसऱ्या पायापेक्षा वेगाने वाढू लागली. एकाच प्राण्याच्या एका पायास लागू होणारी नोंद मेंदूत असू शकत नाही. वाढीची क्षमता कूर्चेतच शिल्लक राहिली होती, असे यावरून मानावे लागते. याउलट रोसेयो-दिएस, जॉयनर प्रभृतींनी २०१८ साली छोट्या जातीच्या उंदराच्या गर्भात डाव्या पायाच्या कूर्चेतील पेशींचे विभाजन रोखले, तेव्हा उरलेल्या पेशींनी तर भरपाई केलीच, पण संपूर्ण गर्भाची वाढही मंदावली. स्थानिक भरपाई व सर्वांगीण नियमन ही दोन्ही खरी आहेत, आणि एकाच्या पुराव्याने दुसरे खोटे ठरत नाही.

पिढ्यान्पिढ्यांच्या परिणामाविषयी आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक व सहकारी यांचा २०१५ सालचा लेख आपल्याकडे वारंवार उद्धृत होतो. ५० पिढ्या अपपोषित ठेवलेल्या विस्टर उंदरांस पुढे दोन पिढ्या नेहमीचा आहार दिला, तरी त्यांचे चयापचयाचे दोष दूर झाले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. चयापचयापुरता हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु त्यावरून 'खुजेपणही दोन पिढ्यांत जाणार नाही' असे अनुमान काढणे रास्त नव्हे, कारण मेदपेशी व स्वादुपिंड यांचा इतिहास हा कूर्चेचा इतिहास नव्हे. शिवाय ५० पिढ्यांच्या कोणत्याही उपाशी वसाहतीविषयी एक शंका उपस्थित करावीच लागते. ज्या माद्या अल्प आहारावर प्रसवू शकल्या नाहीत, त्यांचे बीज वसाहतीतून गळले. उरलेल्या वंशात लहानपणा हा अनुभवाचा वारसा किती आणि निवडीचा परिणाम किती, हे निराळे करून पाहिले पाहिजे.

७. फलटणची मेंढी : एक सूचना

वरील आक्षेप केवळ खंडनासाठी नाहीत. गर्भाशय व आनुवंशिकता यांचा गुंता सोडविण्यास अनुकूल असा एक प्राणी पुण्यापासून फार दूर नाही. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतील बहुप्रसवतेचे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' हा वाण सिद्ध केला आहे. एरवी बहुधा एकच कोकरू देणारी दख्खनी मेंढी या जनुकाच्या एका प्रतीने पुष्कळदा जुळी देते. जुळ्यांना एकच गर्भाशय वाटून घ्यावे लागते. म्हणजे शस्त्रक्रिया वा उपासमार न करताच गर्भाच्या वाढीचा संकोच येथे घडतो.

परंतु येथेही एक पेच आहे. २००१ साली हे जनुक ओळखले गेले, तेव्हा ते अस्थिजनक प्रथिनांच्या ग्राहकाचे जनुक असल्याचे दिसून आले. हा ग्राहक नष्ट केलेल्या छोट्या उंदरांत बोटांची हाडे आखूड राहतात. तेव्हा जुळ्या कोकराचे नळीचे हाड आखूड भरले, तर तो दाटीचा परिणाम की कोकराच्या स्वतःच्या जनुकाचा, हे सांगता येणार नाही.

या पेचातून मेंडेलचा नियमच वाट काढून देतो. एक प्रत असलेली मेंढी आणि जनुकविरहित मेंढा यांच्या निम्म्या कोकरांत जनुक उतरते, निम्म्यांत उतरत नाही. एकाच वेतातील जुळ्यांपैकी एकात ते असेल व दुसऱ्यात नसेल, तर दोघांचे गर्भाशय एकच, म्हणून त्यांच्यातील फरक जनुकाचा. अशाच मातांची जनुकविरहित एकटी कोकरे व जनुकविरहित जुळी कोकरे यांत फरक आढळला, तर तो दाटीचा. नर-मादी भेद, मेंढीचे वय, फळण्याच्या वेळचे तिचे वजन आणि ऋतू यांची नोंद अर्थातच हवी, कारण धडधाकट मेंढीस जुळी होण्याचा संभव अधिक असतो आणि त्यामुळे दाटीचा परिणाम झाकला जाऊ शकतो. मापे जन्मानंतर, दूध पिण्याचा फरक पडण्यापूर्वी घ्यावीत. नळीच्या हाडाची लांबी मापण्यास कॅलिपर पुरे. यासाठी एकही कोकरू मारावे लागणार नाही.

८. उपसंहार

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे. गर्भाशयातील संकोचाचा परिणाम सांगाड्यावर होतो, याविषयी शंका नाही. परंतु 'सांगाडा वाचतो' आणि 'सांगाडा कायमचा बिघडतो' ही दोन्ही विधाने, कोणत्या प्राण्यात, गर्भावस्थेच्या कोणत्या काळात, कोणत्या घटकाच्या अभावी आणि कोणत्या मापाने, हे सांगितल्यावाचून अर्थशून्य आहेत.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. उंचीवरून मुलांचे कुपोषण ठरविण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि त्यावर आहारयोजना आखल्या जातात. लांबी तुलनेने राखली गेली परंतु स्नायू घटले, अशा बालकास केवळ उंचीच्या पट्टीने सुस्थितीत ठरविले जाईल. याउलट लहान हाडाच्या प्रत्येक मुलास ठिसूळ हाडाचे ठरविले, तर नको तेथे औषध दिले जाईल. दोन्ही चुकांचा भार शेवटी खेड्यातील मातेवर व तिच्या मुलावर पडतो. म्हणून आपल्या प्रबंधांत मोजमापाच्या प्रकरणास प्रास्ताविकाचे उपचारस्थान न देता निष्कर्षाइतकेच महत्त्व द्यावे, असे सुचवावेसे वाटते.